मैत्रीची कसोटी किनाऱ्यावर

भारत, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या चार देशांच्या ‘क्वाड’ गटाची शिखर परिषद २०२५ साली भारतात व्हावयाची होती. ते वर्ष सरले, परिषद मात्र भरली नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जकात लादली आणि मित्रत्वाच्या गोष्टींवर व्यापारी भांडणाची छाया पडली. नेत्यांची एक भेट हुकली म्हणून कोणी गळा काढण्याचे कारण नाही. अशा भेटी पुन्हा ठरतात, हस्तांदोलने होतात, छायाचित्रेही निघतात. आम्हांस चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. ज्या लहान किनारी देशांच्या सुरक्षेचे आणि विकासाचे नाव घेऊन हा गट उभा राहिला, त्यांना दिलेल्या वचनांचे अशा वेळी काय होते, हा प्रश्न आमच्या मते जकातीच्या टक्केवारीहून मोठा आहे.

या गटाचे मूळ आज बहुतेकांच्या स्मरणात नाही. ते लष्करी खलबतात नाही, एका महासंकटात आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली आणि दोन लाखांहून अधिक माणसे तिने गिळली. आपल्याच देशात दहा हजारांहून अधिक बळी पडले. तरीही आपल्या नौदलाची जहाजे दुसऱ्या दिवसापर्यंत श्रीलंकेला पोहोचली आणि मालदीव व इंडोनेशियाकडेही मदत रवाना झाली. याच काळात भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चौघांनी मदतकार्याचा मेळ घालण्यासाठी एक तात्पुरता गट स्थापन केला. काम मार्गी लागताच ते संयुक्त राष्ट्रांच्या हाती सोपवून जानेवारी २००५ मध्ये तो विसर्जितही झाला. ना घटना, ना कार्यालय, ना लांबलचक घोषणापत्र. त्या मोजक्या दिवसांत जे सहकार्य घडले, त्याच्या तोडीचे पुढल्या अनेक परिषदांतून घडले असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

पुढे २००७ साली जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेपुढे दोन महासागरांच्या संगमाची कल्पना मांडली आणि चार देशांच्या अधिकाऱ्यांची पहिली बैठक झाली. चीनच्या नाराजीने आणि ऑस्ट्रेलियाच्या माघारीने तो प्रयत्न लगेचच बारगळला. २०१७ साली मनिला येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले, मार्च २०२१ मध्ये चारही राष्ट्रप्रमुख प्रथमच एकत्र बोलले आणि त्यानंतर आश्वासनांचा ओघ सुरू झाला. २०२२ अखेर लशीच्या १०० कोटी मात्रा देण्याची योजना त्यांतलीच. अमेरिकेचे तंत्रज्ञान, हैदराबादच्या बायॉलॉजिकल ई या कारखान्यातील उत्पादन, अमेरिका व जपानचे भांडवल आणि ऑस्ट्रेलियाची वाटपव्यवस्था अशी तिची आखणी कागदावर तरी निर्दोष होती. प्रत्यक्षात त्या मार्गाने ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. चारही देशांनी आपापल्या परीने या प्रदेशाला ४० कोटींहून अधिक मात्रा दिल्या, हे कार्य थोर आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु वचन आणि पूर्ती यांतील अंतरही नोंदविले पाहिजे. २०२२ साली टोकियोत या गटाने पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरहून अधिक रकमेची पायाभूत कामे उभारण्याचा मानस जाहीर केला. त्यातील किती धक्के बांधले गेले आणि किती गावांत वीज आली, याचा हिशेब सामान्य नागरिकाला समजेल अशा रीतीने कोणी मांडला आहे काय?

अशा मदतीची परीक्षा श्रीलंकेत जितकी स्वच्छ दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. हंबनटोटाचे बंदर चिनी कर्जाने बांधले गेले आणि २०१७ साली ते ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीच्या ताब्यात गेले. या घटनेने दिल्ली आणि टोकियो दोघेही सावध झाले. २०१९ साली कोलंबो बंदरातील पूर्वेकडील धक्क्यासाठी भारत, जपान आणि श्रीलंका यांच्यात सामंजस्य झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये श्रीलंकेच्या सरकारने ते मोडीत काढले. बंदरावरील कामगार संघटनांचा विरोध हे त्याचे मुख्य कारण होते. या विरोधामागे केवळ चीनचा हात शोधण्याची सवय आपल्याकडील मुत्सद्द्यांनी सोडावी, असे आम्ही सुचवितो. ज्या गोदीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळतात, तिचे भवितव्य त्यांना न विचारता तीन राजधान्यांत ठरले, तर ते करारपत्र कितीही सद्‌हेतूने लिहिलेले असो, टिकत नाही.

याउलट २०२२ साली श्रीलंकेचा खजिना रिकामा झाला, परदेशी कर्जाचे हप्ते थांबले, इंधनासाठी लोक दिवसचे दिवस रांगांत उभे राहिले, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले. त्यात इंधन होते, धान्य होते, औषधे होती. पुढे कर्जफेडीची घडी बसविण्यासाठी भारत, जपान आणि फ्रान्स यांनी धनको राष्ट्रांच्या समितीचे संयुक्त नेतृत्व पत्करले आणि जून २०२४ मध्ये तडजोड पार पडली. धक्क्याच्या कराराने जे साधले नाही, ते या दोन कामांनी साधले. अडचणीत सापडलेल्याची गरज आधी पाहिली आणि आपला डाव मागे ठेवला, की विश्वास आपोआप येतो.

कोणी म्हणेल, हे भाबडेपणाचे बोल झाले. शेजाऱ्याच्या बंदरात परकी युद्धनौका उभी राहिली तर काय करावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. २०२० साली गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले, हे विसरून परराष्ट्रनीतीचा विचार कोणी करू नये. समुद्रावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवलीच पाहिजे आणि त्यासाठी मित्रही हवेत. मात्र सुरक्षा म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसालाही विचारावे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या मालवाहू जहाजाला आग लागली आणि जूनच्या आरंभी ते बुडाले. प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांचा थर किनाऱ्यावर पसरला, निगोंबोच्या मच्छीमारांची मासेमारी बंद पडली. आपल्या तटरक्षक दलाची जहाजे ती आग विझविण्यासाठी झटली. पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे ज्यांच्या वाळूवर येऊन पडतात, त्या गोमंतकीय किनाऱ्यावरच्या रापणकारांना निगोंबोचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. क्वाडने २०२२ साली सागरी टेहळणीची माहिती लहान देशांना पुरविण्याची योजना आखली. चोरटी मासेमारी आणि तेलगळती यांविरुद्ध ती खऱ्या अर्थाने राबविली, तर तिच्यातून बलाढ्यांचे आणि दुबळ्यांचे हित एकदमच साधेल.

बलाढ्यांची मैत्री तिच्या वर्तुळाबाहेरच्यांना कशी भासते, हे आम्हां गोमंतकीयांना कोणी शिकवावयास नको. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर चार महिनेही लोटले नाहीत, तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या संयुक्त पत्रकात पोर्तुगालच्या पूर्वेकडील ‘प्रांतां’चा उल्लेख केला. पोर्तुगाल ‘नाटो’चा सभासद होता, त्याच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा तळ होता आणि त्या तळापुढे गोव्यातील माणसांचे मोल शून्य ठरले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव आणणाऱ्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान हे चारही ‘नाटो’चे सोबती होते. सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव पडला. त्याविरुद्ध हात वर करणाऱ्या चार देशांत एक चिमुकला शेजारी होता, तो म्हणजे सिलोन, आजची श्रीलंका. आज आपण बलाढ्यांच्या पंक्तीत बसलो आहोत. अशा वेळी त्या हाताची आठवण दिल्लीने ठेवावी.

यातून जे कर्तव्य निघते ते सरळ आहे. वचन देण्यापूर्वी त्यासाठीचा निधी बाजूला काढावा आणि दरवर्षी त्याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. प्रकल्प निवडताना घेणाऱ्या देशाची संसद, तेथील कामगार आणि मच्छीमार यांचा शब्द आधी ऐकावा. आणि मदतीचे यंत्र एका राजधानीच्या लहरीवर चालू नये. अमेरिकेची परदेश साहाय्य संस्था १९६१ पासून काम करीत होती. १ जुलै २०२५ रोजी ती बंद झाली आणि तिच्या आधारावर चाललेली जगभरची रुग्णालये व लसीकरणाची कामे अडचणीत आली. ज्या साखळीची एक कडी असे कधीही निखळू शकते, तिच्यावर कोणत्या बेटाने विसंबून राहावे? भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांनी अमेरिकेचे दार उघडे ठेवून, पण तिच्यावाचून अडून न राहता, ही कामे चालू ठेवली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘दित्वाह’ चक्रीवादळाने श्रीलंका झोडपली तेव्हा भारताची मदत तत्काळ पोहोचली. तिने कोणत्याही शिखर परिषदेची वाट पाहिली नाही.

परिषद आज ना उद्या भरेल. तीत कोण कोणाशेजारी बसले, याची चर्चा वृत्तपत्रांतून होईल, आमच्याही स्तंभांतून होईल. परंतु या मैत्रीचा खरा निवाडा गालच्या आणि निगोंबोच्या वाळूवर व्हावयाचा आहे. तेथील माणूस क्षितिजावर जहाज पाहून भितो की सुटकेचा निःश्वास टाकतो, यावरूनच तो होईल.