नाव पालटलेली बाग

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील जपानी चहाबाग १८९४ च्या प्रदर्शनासाठी उभी राहिली. पुढे माकोतो हागिवारा या जपानी उद्यानकर्त्याने ती वाढवली आणि तीत पदरचे धन ओतले. १९२५ मध्ये ते निवर्तले. कुटुंब बागेतच राहिले. १९४२ मध्ये, युद्धकाळात, त्या कुटुंबाला छावणीत धाडण्यात आले, घर पाडले गेले, बागेच्या नावातून ‘जपानी’ हा शब्दही गेला. अशी तूट कोणत्या खातेवहीत मांडावी? मूळ नाव १९५२ मध्ये परत आले. हागिवारांचे घर मात्र नाही. आज तेथील कांस्यफलक त्या कुटुंबाला अर्पण केलेला दिसतो. तो घडवणाऱ्या शिल्पकार रूथ असावा किशोरवयात स्वतः अशाच छावणीत होत्या.