बांगडी मेलेल्याला पोचत नाही

बाबा गेले ते आषाढात. लावणी निम्मी उरकली होती, लाकडं ओली होती आणि पाचाडच्या पावसात सरण धड पेट घेईना. मुंबईहून भावकी रात्रीची गाडी करून निघाली, ती उजाडताना घाटात अडकली. पुढचे दहा दिवस भावकी सुतकात, म्हणून दुसऱ्या आळीतल्या बाया पिठलं-भाकरी घेऊन यायच्या. त्यांचे घरधनी न सांगता आमच्या खाचरात उतरले आणि उरलेली रोपं लावून गेले. सुतक म्हणजे विटाळ, असं मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. त्या आषाढात कळलं की ज्या घराला चूल पेटवायचं भान नाही, त्या घराला दहा दिवस कुणी काही मागू नये, उलट आणून द्यावं, यासाठीही ते आहे.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा येईना. पावसात कावळे कुठे बसणार? सगळे बाबांचं काय राहिलं असेल ते बोलू लागले. माझं लग्न, आईचं औषधपाणी. शेवटी काका पुढे झाले. बांधावरच्या फणसावरून दोघा भावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. काका हात जोडून मोठ्याने म्हणाले, "दादा, फणस तुझाच. वहिनीला मी अंतर देणार नाही." तरीही कावळा आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. पण काकांचा शब्द चाळीस माणसांनी ऐकला होता आणि तो त्यांनी मरेपर्यंत पाळला. मी तरी या विधीला अंधश्रद्धा म्हणून हसणार नाही. भावाभावांतला अबोला सोडायला आपल्याकडे दुसरी जागा कुठे आहे?

आमच्या तालुक्याला तर देहाशिवायचं मरणही ठाऊक आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला आणि काही दिवसांनी शोध थांबवून बेपत्ता माणसांना मृत ठरवावं लागलं. जिथे देहच हाती लागत नाही, तिथे शास्त्राने ३६० पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला सांगितलं आहे. कुणी तरी कधी तरी अशा घराचा विचार केला होता. वाट बघणं थांबवायला हातांना काही तरी करावं लागतं.

आता बाबांच्या दहाव्याला त्याच नदीवर झालेलं दुसरं. पुरुष वर गेले आणि बायांनी आईला पाण्याकडे नेलं. बांगड्या दगडावर फोडल्या, कुंकू पुसलं, जोडवी काढली. एक काच मनगटात रुतली, तिचा वण आजही आहे. दहा दिवसांत जे जे केलं, त्यात गेलेल्या माणसाला काही द्यायचं होतं किंवा राहिलेल्यांना सावरायचं होतं. पिंड बाबांना, तिळाचं पाणी बाबांना, शब्द आईला. फुटलेली बांगडी कुणाला पोचली? बाबांनीच ती महाडच्या बाजारातून आणली होती.

ही प्रथा धर्माची म्हणून सांभाळणाऱ्यांनी आमच्या गावातल्या जिजाऊंच्या समाधीकडे बघावं. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात शिकारीत गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या, तेव्हा शिवाजी महाराजांनी मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून त्यांना अडवलं, असं सभासद बखर सांगते. त्यानंतर जिजाऊ दहा वर्षं जगल्या. महाराज आग्र्यात अडकले तेव्हा राज्याची काळजी त्यांनी वाहिली. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला आणि १७ जूनला इथे पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. विधवा आईला सिंहासनासमोर मान होता. मात्र सहाच वर्षांनी वरच्याच रायगडावर महाराजांमागे त्यांच्या राणी पुतळाबाई सती गेल्या. एका घरातल्या या दोन गोष्टी. दरवर्षी आपण पुण्यतिथीला फुलं कुणाला वाहतो, हेही बघावं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. ठरावाने माणसं बदलत नाहीत, असं मला गावात सांगतात. पण नदीवर एकट्या बाईने "नको" म्हणायचं आणि "गावानेच ठरवलंय" म्हणायचं, यात फार फरक आहे. आईला "नको" म्हणायचं होतं. ते तिने मला अकरा वर्षांनी सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. दहाव्याला बायांनी काकीचा हात धरला, तेव्हा आई मध्ये उभी राहिली. पदर सरकवून तिने मनगटावरचा वण दाखवला, बोलली काहीच नाही. बाया मागे झाल्या.

येत्या ग्रामसभेसाठी ठरावाचा अर्ज मी लिहिला आहे. सूचक म्हणून आईची सही आहे, अनुमोदक म्हणून काकीची.