वाढदिवस लेकराचा, थाटमाट कोणाचा?

धाकटीचा चौथा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. एरवी मी हात राखून खर्च करणारी. पण तिच्या बालवर्गातल्या मुलांचे दोन-तीन वाढदिवस पाहून झाले होते. ‘आपलं काहीच केलं नाही,’ असं लेकीला वाटायला नको, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तसं मलाच वाटत होतं.

साठ माणसं, तीन थरांचा केक, फुग्यांची कमान, कानठळ्या बसवणारी गाणी आणि वर जादूगार. खर्च ह्यांच्या निम्म्या पगारावर गेला. उत्सवमूर्तीने मात्र जादूगाराला पाहताच जे भोकाड पसरलं, ते केक कापेपर्यंत थांबलं नाही. फोटोत ती आजीच्या पदराआड आहे. रात्री कुशीत घेऊन मी विचारलं, ‘तुला सगळ्यात जास्त काय आवडलं गं?’ पेंगुळलेल्या आवाजात ती म्हणाली, ‘लिफ्ट!’

आम्ही दोघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसू मावळलं. लेकीची सगळ्यात लाडकी मैत्रीण वाढदिवसाला आली नव्हती. ‘तिला ताप आहे,’ असा तिच्या आईचा निरोप आला होता. सकाळी भाजीवाल्यापाशी त्या मायलेकी भेटल्या, तर पोरगी लंगडी घालत होती! तिची आई ओशाळली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, ‘वहिनी, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आणि सगळ्यांसारखं न्यायचं, तर महिनाअखेर होती हो.’

मला काय बोलावं ते सुचेना. माझ्या थाटामाटामुळे माझ्याच मुलीची मैत्रीण घरी बसून राहिली होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, बोरन्हाणाला कधी हॉल घेतला होता का आपण?’

मग मी विचार करू लागले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही एका संध्याकाळी आपण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं बोरन्हाण करतो. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून औक्षण करायचं आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे. आळीतली पोरं ते लुटायला झेप घेतात. खाऊ तोच, खेळ तोच आणि घरी न्यायची भेटही तीच! तासाभरात सगळं आटोपतं, आणि आपण काय आणलं नि दुसऱ्याने काय आणलं, याचा हिशेब कोणी करत नाही. लहान मुलांचा समारंभ कसा असावा, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. आपणच ते वाढदिवसाच्या वेळी विसरतो.

पुढच्या वर्षीपासून आम्ही वाढदिवस घरीच करू लागलो. त्यातून जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते.

किती मुलं, किती वेळ?

मुलाचं जितकं वय, तितकी मुलं आणि वर एक, हा जुना ठोकताळा फार उपयोगी आहे. चार वर्षांच्या मुलाला पाच सोबती पुरतात. चाळीतली किंवा सोसायटीतली मुलं जास्त असली, तर आठ-दहापर्यंत जा. पण मग मदतीला मावशी किंवा आत्या हवी. तीन वर्षांपर्यंत एक तास आणि पुढे फार तर दोन तास पुरे. वेळ दुपारच्या झोपेनंतरची ठेवा, साडेचार ते साडेसहा. निरोप देताना संपायची वेळही सांगा, म्हणजे इतर आईबापांनाही सोयीचं होतं.

निरोपात आणखी एक वाक्य असू द्या: ‘भेटवस्तू आणू नये, मुलाने स्वतः काढलेलं एक चित्र मात्र जरूर आणावं.’ नुसतं ‘आहेर आणू नये’ म्हटलं, तरी लोक आणतातच. चित्र सांगितलं की मुलांच्या हातात काहीतरी असतं आणि कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. आलेली चित्रं दोरीवर चिमट्यांनी लावा, तीच घराची सजावट. तरीही कोणी काही आणलंच, तर ते सगळ्यांसमोर उघडू नका.

खेळ असे, की कोणी हरू नये

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ‘आऊट’ होणं सोसत नाही. एक रडू लागलं की साथ पसरते. म्हणून संगीत खुर्चीत खुर्ची काढा, पण मूल काढू नका. शेवटी एका खुर्चीवर आठ जण चढतात, तेव्हा जो हशा होतो, तो कुठल्या जादूगाराला जमत नाही. ‘मामाचं पत्र हरवलं’, ‘तळ्यात-मळ्यात’, चिमणी-कावळा उडवण्याचा खेळ यांना दमडी लागत नाही. एक खेळ दहा मिनिटांच्या वर ताणू नका. दंगामस्तीच्या खेळानंतर एक बैठा खेळ घ्या.

बैठ्या खेळासाठी भेंडीचे ठसे उत्तम. भेंडी आडवी कापली की आपोआप फुलाचा आकार मिळतो. हळदीचं पाणी, बिटाचा रस किंवा मुलांचे जलरंग बशीत घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलं अर्धा तास रमतात. शेवटी आजोबांनी एक गोष्ट सांगावी. आमच्याकडे आजोबा दरवर्षी तीच गोष्ट सांगतात आणि मुलं दरवर्षी तीच मागतात.

खाऊ आणि केक

लहान मुलं खातात चिमूटभर आणि सांडतात ओंजळभर. त्यामुळे चार पदार्थ खूप झाले: छोट्या इडल्या, बिनतिखटाची भेळ, फळांच्या फोडी आणि केक. सोबत लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत.

केकसाठी ओव्हन हवाच असं नाही. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी दूध आणि अर्धी वाटी पातळ तूप किंवा तेल एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवा. घट्ट वाटलं तर थोडं दूध घाला. मग एक लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड मिसळा. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात जाड मीठ पसरा, त्यावर एक लहान स्टँड ठेवा आणि झाकण लावून दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून तो डबा आत ठेवा. मंद आचेवर पाऊण तासाने सुरी खुपसून पाहा. ती कोरडी निघाली की केक झाला. वर साय-साखर किंवा किसलेलं चॉकलेट पुरे.

केक नसला तरी बिघडत नाही. बंगाली घरांत वाढदिवसाला तांदळाची खीर, म्हणजे पायेश, हवीच असते. आपल्याकडे औक्षणानंतर शिऱ्याची मूद वाढतात. निरांजन, अक्षता, सुपारी आणि अंगठी घेऊन घरातल्या बायका ओवाळतात, तेव्हा इतर मुलंही टकामका बघत राहतात. आम्ही मग पाहुण्या मुलांनाही एकेक करून ओवाळतो. त्याचं त्यांना कोण अप्रूप!

हे मात्र सांभाळा

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, टणक गोळ्या लहानग्यांपुढे ठेवू नका, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. बोरं देताना बिया काढा. फुगे मोठ्यांनीच फुगवावेत आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा लगेच उचलावा, कारण तो घशात गेला तर श्वास कोंडतो. केक कापताना फेसाचा फवारा उडवायची हौस टाळा. पेटत्या मेणबत्तीजवळ त्याचा भडका उडू शकतो.

सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. घरातल्या स्टीलच्या वाट्या काढा. पडल्या तरी फुटत नाहीत. रंगीत ओढण्या आणि जुन्या साड्या खिडक्यांना बांधल्या की घर सजतं.

जाताना हातात काय?

परतभेटीसाठी दुकानात जायची गरज नाही. मातीच्या छोट्या भांड्यात मुलांनाच माती भरू द्या आणि मेथीदाणे पेरू द्या. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, आणि दारोदारच्या आया सांगू लागतात की पोरगं सकाळी उठल्या उठल्या ‘उगवलं का?’ म्हणून बघायला धावतं.

खर्चाचं म्हणाल, तर हे सगळं आठवडाभराच्या दूध-भाजीच्या खर्चात बसतं. हॉलमध्ये करूच नये, असं मी म्हणत नाही. ज्यांचं घर लहान आहे, त्यांनी गच्चीवर किंवा बागेत करावं. ज्यांना हौस आहे आणि परवडतं, त्यांनी थाटाने करावं. फक्त यादी करताना एकदा मनाशी विचारावं, की या समारंभाला आपल्या मुलाचा कुठला सोबती येऊ शकणार नाही?

धाकटीच्या पाचव्या वाढदिवशी तिची ती मैत्रीण सगळ्यांच्या आधी, सव्वाचारलाच दारात हजर झाली. हातात चुरगळलेला कागद होता. त्यावर दोन मुली आणि मध्ये एक मोठ्ठा चौकोन. ‘हे काय गं?’ मी विचारलं.

‘लिफ्ट,’ ती म्हणाली. ‘हिने सांगितलं, खूप मज्जा होती. म्हणून मी पण आत बसले.’

ते चित्र अजून आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.