साठीच्या आधीच

साठी बुद्धी नाठी, ही म्हण मराठी घरांत इतकी मुरली आहे की पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाचा विसराळूपणा आजार म्हणून कुणी मनावर घेत नाही. कामाचा ताण, अपुरी झोप, बाई असेल तर पाळी जाण्याचं वय, अशी कारणं हाताशी तयारच असतात. पण आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांपुढे १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आलेली ऑगस्टे डेटर ५१ वर्षांची होती. ज्या आजाराला पुढे त्यांचं नाव मिळालं, त्याची पहिली नोंद म्हातारपणाची नव्हतीच.

६५ च्या आत गाठणाऱ्या या स्मृतिभ्रंशावरच्या सिनेमांत ब्लेसी यांचा मल्याळम ‘तन्मात्रा’ (२००५) सगळ्यांत वर ठेवावा लागेल. मोहनलाल यांचा रमेशन नायर तिरुवनंतपुरमला सचिवालयात नोकरीला असतो. आपल्याला जमलं नाही ते मुलानं करावं, आयएएस व्हावं, हा त्याचा ध्यास. मग ऑफिसची महत्त्वाची फाइल घरच्या फ्रिजमध्ये सापडते. एक दिवस तो ऑफिसातच घरी असल्यासारखा वागायला लागतो. इथून ब्लेसी कॅमेरा नुसता रमेशनवर खिळवून ठेवत नाहीत. बायकोकडे, बारावीच्या वयातल्या मुलाकडे, धाकट्या मुलीकडे वळवतात. ज्या बापानं अभ्यासाला बसवायचं, त्यालाच मुलगा सांभाळू लागतो. कुटुंब गावी परततं, तेव्हा रमेशनचे वडील अजून घरात आहेत. म्हाताऱ्या बापाला सगळं आठवतंय आणि कर्ता मुलगा हरवत चाललाय, हे उलटं चित्र पाहताना घशाशी आवंढा येतो. या चित्रपटाला मल्याळममधल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता.

कारण या वयातल्या आजाराचं खरं ओझं घरखर्चावर येऊन पडतं. हप्ते फिटलेले नसतात, मुलं शिकत असतात, आणि पगार थांबतो तो नेमका याच वेळी. जी व्यक्ती शुश्रूषा करणार, तिलाच कमवायलाही बाहेर पडावं लागतं. युकिहिको त्सुत्सुमी यांच्या ‘मेमरीज ऑफ टुमॉरो’ (२००६) या जपानी चित्रपटात केन वातानाबे यांनी साकारलेला जाहिरात कंपनीतला अधिकारी ४९ वर्षांचा आहे. त्याची नोकरी सुटते आणि बायको कामाला जाऊ लागते. शेवटी डोंगरवाटेवर समोर आलेल्या त्याच बायकोला तो परकी समजून अदबीनं आपली ओळख करून देतो. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं, त्यासाठी हा सिनेमा बघावा.

‘स्टिल ॲलिस’ (२०१४) वेगळ्याच दुखऱ्या जागी बोट ठेवतो. ज्युलियान मूर यांना ऑस्कर मिळवून देणारी ॲलिस पन्नाशीची, भाषाशास्त्राची प्राध्यापक. तिचा आजार आनुवंशिक, म्हणजे प्रत्येक अपत्याला तो जाण्याची शक्यता निम्मी. एक मुलगी तपासणी करून घेते आणि तिच्यातही तो जनुकीय दोष निघतो. मुलगा सुटतो. धाकटी लिडिया म्हणते, मला जाणूनच घ्यायचं नाही. एकाच घरात तीन उत्तरं, आणि एकही चुकीचं नाही. नवरा दूर मिनेसोटात नवी नोकरी धरतो, आईजवळ राहते ती लिडिया. दिग्दर्शकांपैकी रिचर्ड ग्लॅट्झर स्वतः तेव्हा एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारानं ग्रासलेले होते. वाचा गेली होती, आयपॅडवर टंकून ते सूचना देत. मूर यांच्या ऑस्करनंतर काही आठवड्यांतच, मार्च २०१५ मध्ये, ते गेले. चित्रपटात आजाऱ्याकडे पाहणारी नजर कुठेही कीव करणारी नाही, यात त्यांचा वाटा नक्कीच असणार.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आहे, डॉ. मोहन आगाशे यांनी जीव ओतलेला. पण त्यातले स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री निवृत्त पंडित आहेत, मुली मोठ्या आहेत. मराठी घरातला पंचेचाळिशीचा रमेशन पडद्यावर यायला हवा.

तोवर ‘तन्मात्रा’ घरच्यांसोबत बसून पाहावा. आणि घरातल्या कुणाचा विसराळूपणा कामाच्या आड येऊ लागला असेल, तर चेष्टा न करता त्याला डॉक्टरांकडे न्यावं. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही असं होतं, आणि त्यांवर उपचार आहेत.