जुना नागपूर रस्ता आणि वारशाचा व्यापार

नागपूरहून वर्ध्याकडे येणारा जुना रस्ता बुटीबोरी सोडल्यावर केळझर, सेलू, पवनार अशी गावे घेत वर्ध्यास पोचतो आणि तेथून सेवाग्राम हाकेच्या अंतरावर राहते. एवढ्या थोड्या मैलांत एवढा इतिहास साठविलेले रस्ते देशात फार नसतील. पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. अकबराच्या काळी ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला तोही तेथेच. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ साली अस्पृश्यांना खुले केले. इंग्रजांनी हा देश सोडावा असे बजावणारा काँग्रेस कार्यकारिणीचा १४ जुलै १९४२ चा ठराव वर्ध्यातलाच.

हा वारसा पाहावयास देशोदेशीची माणसे यावीत, त्यासाठी रस्ते व सोयी व्हाव्यात, यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ती माणसे येऊन गेल्यावर सेलूच्या बाजारपेठेत काय उरते? नागपूरहून सकाळी निघालेली गाडी बापूकुटीपुढे तासभर थांबते, पवनारला धाम नदीकाठी छायाचित्रे निघतात आणि दिवेलागणीच्या आत पाहुणा नागपूरच्या हॉटेलात परततो. गाडी नागपूरची, जेवण नागपूरचे, मुक्कामही नागपूरचा. आमच्या वाट्याला धूळ आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. खर्चाचा रुपया गावात चार हात फिरला तर त्याची किंमत वाढते, हा गुणकाचा सिद्धान्त प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर फळ्यावर मांडला. परंतु जो रुपया गावात उतरतच नाही, त्याला कोणता गुणक लावावयाचा?

सरकारचे उत्तर असते, मोठे रस्ते. समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्याच्या शिवारातून गेला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंस कुंपण, चढण्या-उतरण्याच्या जागा ठरलेल्या. त्याने मुंबई जवळ आली हे खरे, आणि शेतमालाला त्याचा उपयोग नाही असेही आम्ही म्हणत नाही. परंतु जुन्या रस्त्यावरचा ट्रकवाला चहाला थांबे, पंक्चर काढून घेई, दोन डझन केळी विकत घेई. कुंपणाच्या आतून धावणाऱ्यास गाव दिसतदेखील नाही.

आणि आता शक्तिपीठ महामार्ग. तीर्थक्षेत्रे जोडणारा, पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा हा रस्ता. त्यास जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली व भूसंपादनादी कामांसाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेची तरतूद मंजूर केली. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडील शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर आले. आमच्या बाजूस तितका गलबला नाही. पण तेवढ्यावरून येथील शेतकरी संतुष्ट आहे असे मानणे चुकीचे होईल. ज्या पवनारचा माणूस १९५१ साली पायी तेलंगणात गेला आणि पोचमपल्लीत जमीन मागून भूमिहीनांना देता झाला, त्याच पवनारपासून शेतकऱ्यांच्या जमिनी संपादन करणाऱ्या रस्त्याचा आरंभ व्हावा! भूदानातील सगळी जमीन कसणाऱ्याच्या हाती पडली नाही, बरीचशी कागदावरच राहिली, हे आम्ही समाजवादी तेव्हाही बोललो होतो. परंतु तेथे देणाऱ्याच्या संमतीला मोल होते. येथे मोजणीदार आधी येतो, संमती मागाहून विचारतात.

वारसा जपण्याची सरकारी रीतही पाहण्याजोगी आहे. सेवाग्रामला भव्य चरखा उभा राहिला, आणि २०२० साली वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी झाडे पडू लागली तेव्हा ती वाचविण्यास नागरिकांना धावावे लागले. सावली तोडून स्मारक! उद्या पर्यटकांच्या सोयीखातर जिल्ह्यातील दारूबंदी उठवा अशी मागणी आली तरी आम्हास आश्चर्य वाटणार नाही. ती बंदी आजच पुरती पाळली जात नाही, हे वेगळे.

१९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पांनी तेथे बसून जे अर्थशास्त्र मांडले त्याचा गाभा एवढाच होता की, उत्पन्न किती झाले याहून ते कोणाच्या हाती पडले हे पाहावे. हाच निकष या पर्यटनाला लावावा. बोर व्याघ्र प्रकल्प सेलू तालुक्यातच आहे; आश्रम पाहावयास आलेला माणूस एक रात्र हिंगणीला वा केळझरला राहिला तर दुसऱ्या दिवशी जंगल पाहील. त्याकरिता पंचतारांकित निवासाची गरज नाही. बचतगटातील बायांना घरातली एक खोली नीट करण्यासाठी सहकारी बँकेने अल्प व्याजाने कर्ज द्यावे. एस.टी.ने नागपूरहून केळझर, सेलू, पवनारला थांबत सेवाग्रामला जाणारी गाडी रोज सोडावी. वाहनतळाचा व प्रवेशाचा पैसा ज्या त्या ग्रामपंचायतीकडे, सेलूत नगरपंचायतीकडे यावा, ठेकेदाराकडे नव्हे. वाट दाखविणारे तरुण येथलेच असावेत, आणि त्यांना वाकाटकांपासून विनोबांपर्यंतचा इतिहास शिकविण्याची व्यवस्था नागपूर विद्यापीठाने करावी.

हे ठराव मुंबईला पाठविण्यापूर्वी आपल्या गावी करून घ्यावेत, असे कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते. पवनारच्या ग्रामसभेपासून आरंभ करावा, आणि त्या बैठकीस महामार्गाचा नकाशा व ज्यांच्या जमिनी जाणार त्यांचे सातबारे सोबत न्यावेत.