नोंदवहीचा मालक कोण?

बाजार सर्वांना खुला आहे, ज्याच्यापाशी माल आहे त्याने यावे आणि मांडावा, हे आश्वासन आपण बाजार समितीच्या आवारात ऐकले, आणि आता सॉफ्टवेअरच्या व्यवहारात ऐकत आहोत. मोबाईलचे एखादे ॲप तयार करावे, इंटरनेटवरील सूचीत त्याची नोंद करावी, ग्राहकाला पसंत पडले तर तो ते घेईल. मध्ये ना गिरणीमालक ना सावकार, असे चित्र वृत्तपत्रांच्या उद्योगविषयक पुरवण्या मोठ्या हौसेने रंगवितात. आपल्या चळवळीतील काही मित्रही या चित्राला भुलले आहेत. उरलेल्यांना हा वातानुकूलित खोल्यांत बसणाऱ्या मध्यमवर्गीयांचा प्रश्न वाटतो आणि त्यात लक्ष घालण्याचे कारण दिसत नाही. या दोन्ही भूमिका सारख्याच चुकीच्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही नोंद म्हणजे नेमके काय, ते प्रथम पाहू. समजा, इचलकरंजीतील एखाद्या तरुणाने छोट्या यंत्रमागधारकांसाठी मजुरी व सुताचा हिशेब ठेवणारे मराठी ॲप रात्री जागून तयार केले. ते गूगलच्या प्ले स्टोअर या सूचीत घालावयाचे, तर प्रथम पंचवीस डॉलर भरावे लागतात. ॲपलच्या दुकानात जावयाचे असेल तर दरवर्षी नव्याण्णव डॉलर. मग ओळखपत्रे. मग ठरावीक मापाचे बोधचिन्ह, पडद्याची छायाचित्रे, तीस अक्षरचिन्हांत बसणारे नाव, ऐंशीत बसणारे संक्षिप्त वर्णन, गोपनीयतेचे धोरण, वापरणाऱ्याची कोणती माहिती घेता याचे प्रतिज्ञापत्रवजा विवरण, आणि मजकूर कोणत्या वयाला योग्य याची प्रश्नावली. सुताच्या हिशेबात हिंसाचार वा जुगार आहे काय, याचेही उत्तर द्यावे लागते. हे सारे गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यातील काही अटी ग्राहकाच्या हिताच्याच आहेत.

परंतु पुढे पाहा. नोव्हेंबर २०२३ पासून व्यक्तिगत नावाने नवे खाते उघडणाऱ्यास अशी अट घालण्यात आली की, वीस माणसांनी सलग चौदा दिवस त्याचे ॲप चाचणीसाठी वापरले पाहिजे. त्याखेरीज ते सूचीत घेण्याचा विचारच व्हावयाचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या बारावर आणली. मोठ्या कंपनीच्या दारी असे चाचणीदार पगारावर बसलेले असतात. एकट्या माणसाने ते कोठून आणावे? परिणाम व्हायचा तोच झाला: चाचणीदार पैसे घेऊन पुरविणारा एक धंदाच उभा राहिला. मतदानाला माणसे ट्रकमधून आणण्याची प्रथा आपल्याला अपरिचित नाही; तिची ही सुधारलेली आवृत्ती.

व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावाने नोंद करावी, तर दुसरीच गंमत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली रीतसर नोंदलेल्या सोसायटीचे निबंधकाने दिलेले प्रमाणपत्र तेवढ्याने पुरत नाही. डन अँड ब्रॅडस्ट्रीट या अमेरिकन खाजगी कंपनीचा नऊ आकडी क्रमांक घ्यावा लागतो. ॲपलही तोच मागते आणि गूगलही. म्हणजे महाराष्ट्रातील एक सहकारी संस्था अस्तित्वात आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्राच्या कायद्याकडून निघून परदेशातील पतमापन करणाऱ्या पेढीकडे गेला. आणि यावर विधिमंडळात प्रश्न विचारावा असेही कोणाला वाटत नाही! शिवाय व्यक्तिगत खात्यावरून काही कमाई करावयाची असेल, तर प्ले स्टोअर त्या व्यक्तीचा पूर्ण पत्ता सर्वांना दिसेल असा छापते. घरी बसून काम करणाऱ्या एकट्या स्त्रीने या अटीकडे कसे पाहावे, हा विचार नियम करणाऱ्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

इतके करून नाव सूचीत आले, तरी ते दिसेलच असे नाही. शोधाच्या निकालातील वरची जागा जाहिरात म्हणून विकली जाते. ॲपलने हा प्रकार २०१६ मध्ये सुरू केला. व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या ज्या सूची 'निष्पक्ष तुलना' या नावाने चालतात, त्यांत विक्रेत्याने प्रत्येक क्लिकमागे किती देणार याची बोली लावावयाची पद्धत रूढ झाली. कॅपटेरा ही त्यांपैकी एक प्रमुख सूची २०१५ मध्ये गार्टनर या बलाढ्य सल्लागार कंपनीने विकत घेतली. मालाला नव्हे, तर माल दिसण्याला भाव आला.

आणि विक्री झालीच, तर आडत. सुरुवातीपासून वर्षानुवर्षे या दोन दुकानदारांचा ठरलेला दर शेकडा तीस होता. लहान उत्पादकांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून आणि गूगलने त्याच वर्षीच्या जुलैपासून तो शेकडा पंधरावर आणला, तोही जगभर खटले आणि चौकशा सुरू झाल्यावर. शेतमालावरील शेकडा सहा, आठ, दहा आडतीविरुद्ध आपण मोर्चे काढले. फळभाज्यांवरील आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी, असा निर्णय २०१६ मध्ये सरकारला करावा लागला. तेथे निदान आडत्या उन्हात उभा राहून लिलाव तरी पुकारीत होता.

हे सारे तंत्रज्ञानाच्या स्वभावातच आहे, दुसरी रीत शक्य नाही, असे सांगण्यात येते. इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतील काही प्रोग्रामरांनी 'आधी वापरा, पटले तर पैसे पाठवा' या तत्त्वावर आपली सॉफ्टवेअर वाटण्यास प्रारंभ केला. १९८७ मध्ये अशा लेखकांनी स्वतःची संघटना स्थापली. पुढे वेब आले, सूची शेकड्यांनी झाल्या आणि प्रत्येकीचा अर्ज वेगळा. तेव्हा या संघटनेने उत्पादनाच्या माहितीचा एक सामाईक नमुना तयार केला. लेखकाने तो एकदा भरून आपल्या जागी ठेवावा आणि सर्व सूचींनी तेथून तो उचलावा. नोंदणीचा अर्ज येथे उत्पादकांच्या संघटनेने ठरविला होता, दुकानदाराने नव्हे. आम्हाला यात सहकाराच्या तत्त्वाची ओळखीची चाहूल लागते.

ही रीत निष्कलंक होती असे मात्र कोणी समजू नये. सूची चालविणाऱ्यांना गुणवत्तेशी देणेघेणे नव्हते. २००७ मध्ये एका इंग्रज प्रोग्रामरने साध्या मजकुराची फाईल प्रोग्राम असल्याचे भासवून, 'हा प्रोग्राम काहीही करीत नाही' अशा अर्थाच्या प्रामाणिक वर्णनासह, शेकडो सूचींकडे पाठविली. तिला डझनाहून अधिक 'पाच तारे' आणि 'संपादकांची पसंती' असले पुरस्कार लाभले! पुरस्काराचे चित्र लेखक आपल्या संकेतस्थळावर लावील व त्यायोगे आपल्या सूचीला गिऱ्हाईक मिळेल, एवढाच त्या पुरस्कारामागील हेतू. २०११ मध्ये तर डाउनलोड डॉट कॉम या मोठ्या सूचीने दुसऱ्यांच्या मोफत सॉफ्टवेअरभोवती स्वतःचे वेष्टन गुंडाळून त्यातून जाहिरातबाज प्रोग्राम लोकांच्या संगणकात घुसविले. एनमॅप या प्रसिद्ध साधनाच्या कर्त्याने त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली, तेव्हा कोठे गवगवा झाला. सूची नफ्यावर चालू लागली की ती प्रथम उत्पादकाला विकते आणि मग ग्राहकाला, हे तेव्हाच दिसून आले होते.

याहून बोधप्रद कथा श्रमदानाची आहे. १९९८ मध्ये संकेतस्थळांची एक मुक्त सूची स्वयंसेवकांच्या बळावर सुरू झाली. त्याच वर्षी ती नेटस्केप कंपनीने घेतली, आणि नेटस्केपबरोबर ती अमेरिका ऑनलाईन या कंपनीच्या पदरात पडली. याहूची सूची व्यापारी संकेतस्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असताना, जगभरच्या हजारो संपादकांनी एक छदामही न घेता लक्षावधी संकेतस्थळे वाचली, पारखली, वर्गवारीत लावली. मालकी मात्र कंपनीची. मार्च २०१७ मध्ये कंपनीने ती बंद केली. ज्यांनी अठरा-एकोणीस वर्षे ती उभारली त्यांना त्या निर्णयात मत नव्हते. सार्वजनिक विहीर लोकांनी खणावी आणि सातबारा एकाच्या नावावर असावा, असाच हा प्रकार.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे वळू. दाराशी पहारा नसेल तर भामटे घुसतील, म्हाताऱ्या माणसाचे बँकेतील पैसे लुटले जातील, असे म्हटले जाते. भय खरे आहे. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपनी गरिबांचा केलेला छळ आपण पाहिला आहे. पण त्यांतील कित्येक ॲप याच पहारेकऱ्यांच्या सूचीतून लोकांच्या हाती पडली, हेही विसरता येत नाही. पहारा हवा, याबद्दल वाद नाही. पहारेकरीच आडत्या, जाहिरातदार आणि स्वतःचा माल विकणारा प्रतिस्पर्धी का असावा, हा वाद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, आपल्या सूचीबाहेरून घेतलेले ॲपही त्याच्या कर्त्याने गूगलकडे ओळख पटविल्याखेरीज प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसविता येणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंडमध्ये आणि २०२७ पासून अन्यत्र. २०१० पासून स्वयंसेवक चालवीत असलेल्या एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या सूचीने आपल्या अस्तित्वालाच धोका असल्याचे सांगून याला विरोध केला. त्यानंतर काही सवलती घोषित झाल्या. तथापि प्रश्न सवलतींचा नाही. आपल्या दुकानाचे नियम करणे निराळे आणि साऱ्या गावात कोणी काय विकावे हे ठरविणे निराळे.

सरकार आहे ना, असे कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या धोरणांबद्दल गूगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो २१६ कोटी ६९ लाखांवर आणला, म्हणजे पावभागाहूनही कमी. मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, आडतीच्या वादावरून गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्यांच्या जाहिराती देणाऱ्या नामांकित कंपन्या होत्या. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले, बैठका झाल्या, काही दिवसांत ॲप परत आली. त्या कंपन्यांचे अभिनंदन! इचलकरंजीच्या तरुणाचे ॲप उद्या निघाले तर त्याने कोणत्या मंत्र्याला दूरध्वनी करावा?

यावर स्वदेशीचा उतारा सुचविला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपे या कंपनीने बारा भारतीय भाषांत चालणारे इंडस ॲपस्टोअर सुरू केले आणि पहिले वर्ष नोंदणी मोफत ठेवली. भाषांचे काम चांगले आहे, ते चांगले म्हणण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. परंतु फोनपेमध्ये बहुसंख्य भागभांडवल वॉलमार्टचे होते, हे स्वदेशीचा जयघोष करणारे सोयीस्करपणे विसरले. आणि ते एखाद्या भारतीय उद्योगपतीचे असते, तरी काय बिघडले वा सुधारले असते? आडत्याची जात बदलल्याने आडत नाहीशी होत नाही.

मग नोंदवही सरकारच्या हाती द्यावी काय? येथे आपण सावध असले पाहिजे. १८६७ चा छापखाने व पुस्तके नोंदणीचा कायदा ग्रंथप्रेमातून जन्मलेला नव्हता. कोण काय छापतो यावर परक्या सरकारला डोळा ठेवावयाचा होता. १९७५ ते १९७७ या काळात नियतकालिकांच्या मजकुरावर सरकारी तपासनिसाची कात्री कशी चालली, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु त्याच देशात १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती मुंबईसह चार ठिकाणच्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात आणि १९५८ पासून राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. तिच्यात पुस्तकाची जागा विषयाने ठरते, प्रकाशकाच्या थैलीने नव्हे.

महाराष्ट्राजवळ तर याहून जवळचे उदाहरण आहे. माथाडी व हमाल कामगारांची नोंद पूर्वी मुकादमाच्या खिशात असे. ज्याला त्याने हाक मारली त्याला काम. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लढ्यांतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि ती नोंदवही मुकादमाच्या खिशातून काढून सरकार, मालक व कामगार या तिघांच्या मंडळाकडे देण्यात आली. त्या मंडळांची आज काय दुरवस्था झाली आहे हे आम्ही जाणतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण नोंद हा मालकाचा उपकार नसून श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले.

सॉफ्टवेअरच्या नोंदवहीला हेच तत्त्व लावण्यात अशक्य असे काही नाही. उत्पादकांच्या संघटना, वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी आणि शासन यांचे वैधानिक मंडळ असावे. सहकारी संस्थेला निबंधकाचे प्रमाणपत्र पुरेसे मानले जावे. नोंद नाकारली वा काढली तर लेखी कारण, ठरावीक मुदतीत सुनावणी आणि अपील मिळावे. शोधाच्या निकालातील जागा विकण्यास बंदी असावी. या मंडळाच्या सूचीतून ॲप घेण्यास कोणत्याही फोन-कंपनीने अटकाव करू नये, असे बंधन कायद्यानेच घालावे. आणि शासनाच्या पैशातून तयार झालेली ॲप, शेतकऱ्यांची असोत वा रेशनची, प्रथम या सूचीत आली पाहिजेत. ती मिळविण्यासाठी नागरिकाला परदेशी कंपनीचे खाते उघडावयास लावू नये. पुढच्या अधिवेशनात आपल्या पक्षाच्या सदस्यांनी निदान ही शेवटची मागणी अशासकीय ठरावाच्या रूपाने मांडावी.