दुसरे विमान कोणते घ्यावे?



गेल्या रविवारी सकाळी लोट्यातील एक भगिनी आपल्या मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षापूर्वी त्याने सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून रिमोटवर उडणारे शिकाऊ विमान आणले, सड्यावर जाऊन पाडले, चिकटवले, पुन्हा उडवले आणि शिकला. आता त्याला दुसरे विमान पाहिजे, आणि तेही सुखोई. बाईंनी भिशीचे सात हजार बाजूला काढलेले. "भाऊ, तुम्ही हिशेबातली माणसं. देऊ की नको, तेवढं सांगा," असे त्यांचे म्हणणे.

आपल्यातले काही जण म्हणतील की हे श्रीमंतांचे छंद, कामगाराच्या पोराला कशाला? मला ते मुळीच पटत नाही. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत मुलांना एरोमॉडेलिंग शिकवतात ते काय करमणूक म्हणून? आधी हाताने फेकायचे ग्लायडर, मग तारेला बांधून गोल फिरवायचे विमान, मग रेडिओवर चालणारे, अशी तिथे पायरी-पायरीने शिकवण असते. ज्याला ती शाखा मिळाली नाही त्याने सड्यावर शिकावे. म्हणून पैसे द्यावे की नाही हा माझ्यापुढे प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो सुखोईचा.

शिकाऊ विमान मुलाला सांभाळून घेते, ही गोष्ट आईबापांनी आधी समजून घ्यावी. त्याचे पंख धडाच्या वर बसवलेले असतात आणि टोकांकडे थोडे उचललेले असतात. त्यामुळे विमान एका बाजूला कलले तरी हात सोडल्यावर आपोआप सरळ होते. शिवाय हल्लीच्या बऱ्याच शिकाऊ विमानांत तोल सावरणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते. मुलगा म्हणतो मला उडवता येते, तेव्हा त्यातले हाताचे किती आणि यंत्राचे किती? मी त्याला हेच विचारले. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "काका, यंत्र बंद करून फारसं उडवलं नाही."

मग आम्ही तिघेही सड्यावर गेलो. यंत्र बंद करून त्याला इंग्रजी आठाचा आकडा काढायला सांगितले. डावीकडचे वळण छान आले. विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, तिथे मात्र तो दोनदा चुकला. मोटर बंद करून उतरवायला लावले तर ठरवलेल्या जागेपासून बरेच लांब गेले. आठ दोन्ही बाजूंनी सारखा यावा, मोटर बंद असताना विमान पाहिजे तिथे उतरावे, आणि हे एकदा नव्हे तर लागोपाठ दहा वेळा जमावे. तोवर दुसऱ्या विमानाची घाई करू नये. तीन-चार रविवारांचे काम आहे, खर्च काही नाही.

आता सुखोईचा हिशेब. विमान किती वेगाने उतरेल हे त्याच्या रूपावर नसते. पंखाच्या क्षेत्रफळावर किती वजन पडते, त्यावर ते असते. मुलाच्या शिकाऊ विमानाचा पंख १२० सेंटीमीटर लांब आणि २० रुंद, म्हणजे २४०० चौरस सेंटीमीटर. वजन ८४० ग्रॅम. दर १०० चौरस सेंटीमीटरला ३५ ग्रॅम पडले. त्याने मोबाईलवर दाखवलेल्या लढाऊ विमानाचे वजन जवळपास तेवढेच, पण पंख निम्मा. म्हणजे ७० ग्रॅम. भार दुप्पट झाला की हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. शिकाऊ विमान ताशी २५ किलोमीटरच्या आसपास अलगद टेकत असेल तर हे ३५ ला टेकणार. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वजन तेच असले तरी आपटणे दुप्पट जोराचे होते. आणि खाली आपला कातळ!

त्यातही ज्या जेटमध्ये नळीत पंखा बसवलेला असतो ते आणखी महाग पडते. त्याला बॅटरी मोठी लागते, ती भराभर संपते, आणि हातातून सोडताच वेग मिळाला नाही तर विमान पायाशीच पडते. जुनी बॅटरी त्याला बहुधा चालत नाही, मग चार्जरही बदला. सात हजार कुठल्या कुठे जातील. ऐटदार जुन्या लढाऊ विमानांची गोष्टही तशीच. त्यांचे पंख टोकाकडे निमुळते असतात, वेग कमी झाला की एखादे टोक अचानक गळते आणि विमान कुशीवर पडते. मैदानावर पहिल्याच दिवशी ज्यांचा चुरा होतो ती बहुतेक अशीच विमाने असतात.

मग घ्यावे काय? माझे मत स्पष्ट आहे. दुसरे विमान पहिल्याहून एकच पायरी अवघड असावे. त्याच्या शिकाऊ विमानात वळण फक्त शेपटीच्या रडरने घेतात. दुसऱ्यात पंखावर एलेरॉन असावेत आणि पंख जवळजवळ सपाट असावा. असे विमान कलले तर कललेलेच राहते, स्वतः सावरत नाही, सावरायचे ते हाताने. तरीही पंखाचे क्षेत्रफळ भरपूर ठेवले की ते हळू उडते आणि विचार करायला वेळ देते. पुस्तकात बहुतेकदा खालच्या पंखाचे चाकांचे विमान सांगतात. ते गुळगुळीत धावपट्टीवर ठीक आहे. आपल्याकडे चाके कातळाच्या खाचेत अडकून विमान नाकावर पडते आणि समोरचा पंखा मोडतो. लोट्याच्या आसपास उडवणाऱ्याने वरच्या पंखाचे, हाताने सोडायचे आणि गवतात पोटावर उतरायचे विमान निवडावे. पंखा मागच्या बाजूला असेल तर आणखी चांगले. भाताची खाचरे कापणीनंतर मोकळी झाली की उतरायला तीही बरी, मालकाला विचारून मात्र.

आणि ते विकत कशाला घ्यावे? ट्रान्समीटर घरात आहे. बॅटरी आहे, तीन सेलची, ११.१ व्होल्टची. रिसीव्हर, मोटर, सर्व्हो शिकाऊ विमानातून काढता येतात. पण मी त्याला सांगितले, काढू नकोस. शिकाऊ विमान मोडू नये, विकूही नये. नवे पडले की त्या दिवशी जुने उडवून हात आणि मन दोन्ही सावरावे. नवी मोटर, स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर आणि सर्व्हो घ्यावेत, धड फोमच्या पत्र्याचे घरीच कापावे. बाल्सा लाकूड सुंदर, पण महाग, आणि एकदा तुटले की दुरुस्ती किचकट. फोमला ग्लूगन पुरते. झटपट चिकटणारा साधा गोंद थर्माकोलला लावू नये, तो थर्माकोल खातो. पंख २० सेंटीमीटर रुंद असेल तर पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटीमीटरवर दोन बोटांवर धरून तोल पाहावा. शेपूट जड राहिली तर पहिले उड्डाण हेच शेवटचे.

एक गोष्ट मात्र मी बाईंना मुद्दाम बजावून सांगितली. ह्या लिथियम बॅटऱ्या आपटून दबल्या की पेट घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचे गवत कसे वाळलेले असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एका ठिणगीने वणवा लागतो आणि कुणाच्या तरी आंबा-काजूच्या बागेची वर्षांची मेहनत जाते. विमान पडले की आधी बॅटरी शोधावी, वेगळी करून मोकळ्या कातळावर ठेवावी, अर्धा तास पाहावे. सोबत पाण्याचा कॅन आणि ओले पोते असावे. घरी चार्जिंग लावून झोपू नये, पत्र्यावर किंवा कौलावर ठेवूनच चार्ज करावे. वापरायची नसेल तेव्हा पूर्ण भरलेली ठेवू नये, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

दुसरे, लोट्याला रासायनिक कारखाने आहेत. त्यांच्या बाजूला, महामार्गाकडे किंवा विजेच्या मोठ्या तारांकडे विमान नेऊ नये, मग जागा कितीही मोकळी दिसो. २०२१ च्या ड्रोन नियमांत ही मॉडेल विमानेही येतात. हिरव्या क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे आणि विमान नजरेसमोर राहिले पाहिजे. उडवण्याआधी सरकारी नकाशा पाहावा आणि नोंदणीचे काय लागते ते मुलाने स्वतः वाचून काढावे. पॉलिटेक्निकला जातो, एवढे त्याला जमते. उडवायला सकाळ बरी, दुपारी समुद्राकडचा वारा सुटतो.

सुखोईचे तोंड पाडणे मलाही बरे वाटले नाही. म्हणून सांगतो, फोमच्या पत्र्याचे, मागे उघडा पंखा असलेले सुखोईसारखे विमान घरी करता येते. ते हलके असते आणि नळीतल्या पंख्याच्या जेटपेक्षा पुष्कळ सोसते. पण ते तिसरे. एलेरॉनवर एक पावसाळी बांधणी आणि एक उन्हाळा काढल्यावर.

बाईंनी सातातले साडेतीन हजार मुलाच्या हातात ठेवले, बाकीचे पदराच्या गाठीत बांधले. मुलाने माझ्याच ऑफिसच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पंखाचे माप टाकले आहे, ११० गुणिले २२. वजन नऊशे ग्रॅमच्या आत बसवतो म्हणतो.